वर आल्याचा गूळ

ठाकुर्लीच्या जुन्या पॉवरहाऊसची मला ओळखू येणारी आता एक भिंतच उरली आहे, आणि तिच्यातून एक पिंपळ बाहेर आला आहे. बाकी सगळं गवत. पलीकडे टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या बाल्कन्यांत कपडे वाळत असतात आणि ते पांढरे असतात. आमच्या लहानपणी या भागात पांढरा कपडा दोरीवर घालायचा म्हणजे देवावर हवाला ठेवायचा. चिमणीतून राख यायची, ती कुणाचं लग्नकार्य बघायची नाही. पापडावर बसायची, कुरडयांवर बसायची, शाळेच्या ब्लाउजवर बसायची. आई ती राख केरसुणीनं गोळा करून भांडी घासायला ठेवायची. फुकट आलेलं टाकायचं नाही, हा आमच्या चाळीचा धर्म होता.

गेल्या महिन्यात आबांना मानपाड्याला डॉक्टरकडे दाखवून आम्ही रिक्षानं परत येत होतो. आबा म्हणजे माझे वडील, जगाचे अण्णा. रिक्षा नव्वद फुटी रस्त्याला लागली आणि आबांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर टपकन हात मारला. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा मांडीवर पडलेला असतो. डावा मात्र अजून पुढाऱ्याचा आहे, हुकूम सोडतो. बोलणं जवळजवळ गेलंच. हां, नको, बस, आणि आईचं नाव, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. आईचं नाव इंदू, ते तिला इंदे म्हणायचे. आता मलाही इंदे म्हणतात, औषधवाल्यालाही इंदे म्हणतात.

रिक्षा थांबली. आबा उतरले नाहीत, नुसते भिंतीकडे बघत बसले. मी घड्याळ बघत बसले. कारण संध्याकाळी सदा माणसं घेऊन घरी येणार होता.

हा सदा आबांच्या पॉवरहाऊसमधल्या टोळीतल्या एका कामगाराचा मुलगा. आबा नगरसेवक झाले तेव्हापासून त्यांच्या मागेपुढे असतो, आणि आबा अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्या नावानं वॉर्ड तोच सांभाळतो. माझ्यापेक्षा चांगला मोठा आहे, पण मला ताई म्हणतो. त्या दिवसाच्या आठ-पंधरा दिवस आधी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, आपला वॉर्ड लेडीज झालाय. आता तुम्हीच."

"मीच काय?"

"तुम्हीच उभं राहायचं. दुसरं कोण आहे आपल्याकडे? अण्णांची मुलगी म्हटलं की निम्मं काम तिथंच झालं. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी सगळं आपण बघतो."

"सदादादा, मला त्यातलं काय कळतं?"

"अण्णांना तरी काय कळत होतं? खाणीतनं आलेला माणूस. माणसांनीच केलं ना सगळं?"

माणसांनीच केलं, यात खोटं काहीच नव्हतं. ज्याला भ्यायचं तेच तर ते होतं.

माझ्या पर्समध्ये त्या दिवशी ठाण्यातल्या बाळकुमच्या एका फ्लॅटची किल्ली होती. कल्याणच्या लायब्ररीत आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं जागेवर लावली, त्यातून उभं राहिलेलं हे माझं घर. दोन खोल्या, आणि एक दार. आबांना घेऊन तिकडे राहायला जायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं, पण कुणालाच सांगितलं नव्हतं. आबांनासुद्धा नाही. असं काही सांगायला एकांत लागतो, आणि तो आमच्या घरात मी कॉलेजात असल्यापासून मिळालेला नाही. सदाला मी एकटीनं नाही म्हटलं असतं. पण आबांच्या घरात, आबांच्या समोर, आबांच्या सीटला नाही म्हणायचं, आणि त्यातून आबांनी नुसती मान हलवली असती, तर मी मुकाट्यानं उभी राहिले असते. हे मला ठाऊक होतं. सदालाही ठाऊक होतं, म्हणून तर बैठक आबांच्या खाटेशेजारी ठेवली होती.

*

आबा मूळचे पाटणकडचे. कोवळ्या वयात मामाबरोबर चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत गेले. डोंगरात वाढलेला माणूस जमिनीच्या पोटात कसा उतरला असेल, हे त्यांनी कधी धड सांगितलं नाही. लोखंडी पाळण्यात उभं राहायचं, घंटी वाजायची, आणि आभाळ वर वर जात भाकरीएवढं व्हायचं, एवढंच सांगायचे. पुढे कुणीतरी म्हणालं ठाकुर्लीला पॉवरहाऊसमध्ये कोळशावर माणसं पाहिजेत, म्हणून इकडे आले. इथं खाण नव्हती. मालगाडीच्या कोळशानं भरलेल्या वाघिणी यायच्या, त्या फावड्यानं रिकाम्या करायच्या, खालच्या बोगद्यात उतरून अडकलेला कोळसा मोकळा करायचा. पण अंधार तोच आणि धूळ तीच, त्यामुळे खाणीतल्या रीतीभाती आबा बरोबर घेऊन आले आणि इथल्या टोळीला लावल्या.

त्यातली एक रीत गुळाची. कोळशाची धूळ घशात बसते, ती गुळानं सुटते असं ही माणसं मानायची. पण गूळ म्हणजे नुसतं औषध नव्हतं. पाळी सुरू होताना टोळीचा मुकादम एक मोठा खडा घ्यायचा, फावड्याच्या दांड्यानं फोडायचा आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवायचा. तो खाल्ला की शब्द दिला. आता शेवटचा माणूस वर येईपर्यंत कुणी पाठ फिरवायची नाही. ज्याला बरं नाही, ज्याचं मन नाही, त्यानं गूळ घ्यायचा नाही आणि सरळ घरी जायचं. त्याला कुणी काही विचारायचं नाही. हा उतरायचा गूळ.

आणि एक तुकडा प्रत्येकजण कागदात बांधून खिशात ठेवायचा. तो खाली असताना खायचा नाही, कितीही घसा सुकला तरी. वर आल्यावर, भोंगा वाजल्यावर, पाळी सुटल्यावर खायचा. हा वर आल्याचा गूळ. याच्यावर कुणाचा शब्द नाही, कुणाचं बंधन नाही. हा ज्याचा त्याचा.

टोळीतले बाप लोक तो तुकडा खायचेच नाहीत. घरी आणायचे.

मला त्या गुळाचा वास अजून येतो. कोळसा, बिडी, घाम आणि ओल्या गंजाचा वास, आणि त्या सगळ्याच्या आत कुठेतरी गूळ. भोंगा झाला की मी चाळीच्या पायरीवर येऊन बसायची. रस्त्यावरून काळी माणसं यायची, सगळी सारखीच. त्यातला आपला बाप चालण्यावरून ओळखायचा. आबा किंचित वाकून चालायचे, आभाळाला डोकं लागेल असं वाटत असल्यासारखे. जवळ आले की खिशातून पुडी काढायचे. "खा गं बाय. आलो वर."

मी खायची, आणि मगच ते मोरीत जायचे. आई बंबातलं पाणी काढून द्यायची. मोरीतून काळा फेस वाहायचा, तो पांढरा होईपर्यंत घरात लाल साबणाचा वास भरून राहायचा. एवढं घासूनसुद्धा पापण्यांच्या मुळाशी कोळसा राहायचाच. अगदी काजळ घातल्यासारखे डोळे दिसायचे. आई ताट वाढता वाढता म्हणायची, "आले नटून. आता कुनाच्या वराती जायाचं?" आबा भाकरीचा मोठा घास घेऊन हसायचे.

मग दार लागायचं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण नंतर ती आमच्या घरातून गेली. आई आतून कडी घालायची, खट्ट असा आवाज व्हायचा, आणि त्या एका खोलीत आम्ही तिघंच असायचो. स्टोव्हची घरघर, दूर पॉवरहाऊसची एकसुरी गुणगुण, आबांच्या खोकल्याची उबळ. तेव्हा वाटायचं खोली किती लहान आहे. आता वाटतं, तेवढी मोठी जागा मला पुन्हा मिळाली नाही.

*

पॉवरहाऊस बंद पडलं तेव्हा पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर तो आवाज थांबला. चाळीतली तान्ही मुलं आठवडाभर झोपेनात. आबांना रेल्वेच्या दुसऱ्या खात्यात लावून घेतलं, पण त्यांचा जीव टोळीत होता. टोळीही त्यांच्याकडेच यायची. कुणाला क्वार्टर खाली करायला सांगितलं, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचा मुलगा चौकीत बसवला. आबांचं शिक्षण बेताचं, पण भीड चेपलेली. ज्यानं डोक्यावर डोंगर घेऊन काम केलंय, तो टेबलामागच्या साहेबाला काय भिणार? हंडे घेऊन बायकांचा मोर्चा त्यांनीच पहिल्यांदा काढला. पाणी आलं. आणि मग माणसं यायची थांबेनात.

पुढे महापालिकेची निवडणूक लागली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. एका रविवारी दुपारी जुनी टोळी आमच्या घरी आली, आणि बरोबर येताना गुळाचा खडा घेऊन आली.

आबांना ते बघूनच कळलं. ते खाटेवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. लहान मूल औषध नको म्हणून बसतं, तसे.

"मला न्हाई जमायचं," आबा म्हणाले. "मला लिवता येत न्हाई धड."

"लिवायला माणसं आहेत, अण्णा."

"मी काम करतो की तुमचं. त्याला खुर्ची कशाला पायजे?"

"खुर्ची नसली की साहेब उभं करतात, अण्णा. तुम्ही किती वर्षं उभं राहणार?"

मुकादमानं गूळ फोडला. ताटलीत तुकडे ठेवले. प्रत्येकानं एकेक उचलून खाल्ला. ताटलीत एकच राहिला. आबा त्याच्याकडे बघत होते आणि हात काढत नव्हते. मी मोरीच्या आडोशाला उभी होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, नका घेऊ. आईचंही तेच म्हणणं होतं. आदल्या दिवशीच तिनं आबांना ऐकवलं होतं की लोकांच्या लग्नात आपण किती नाचायचं.

तेवढ्यात आई स्टोव्हवरचा चहा घेऊन पुढे आली. सदा तेव्हा पंचविशीचा, दाराशी उभा होता. त्यानं गमतीनं ताटली तिच्यापुढे केली. "वहिनी, घ्या ना."

आईला गुळाची रीत माहीत नव्हती. खाणीतल्या गोष्टी बायकांना सांगायच्या नाहीत, हीसुद्धा त्यांची एक रीतच. मला पायरीवर मिळायचा तो वर आल्याचा गूळ आईला माहीत होता, उतरायच्या गुळाचं कुणी तिच्या कानावर घातलं नव्हतं. उरलेलं मला शाळकरी वयात आबांनी कधीतरी भाकरीवर सांगितलं होतं, तेही आईला सांगू नको म्हणून. आणि आमच्या गावाकडे कुणी गूळ पुढे केला तर परत पाठवत नाहीत. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसला आणि तुकडा उचलला. "गुळाला न्हाई म्हनू न्हाई," असं म्हणत तोंडात टाकला.

मग टाळ्या वाजल्या. घरच्या लक्ष्मीनं गूळ घेतला, आता अण्णांनी पाठ फिरवायची नाही. आई बावरून सगळ्यांकडे बघत होती. तिला वाटलं गुळाचं काहीतरी चुकलं, म्हणून तिनं तोंडावर पदर धरला. आबांनी मांड्यांखालचे हात काढले. त्यांनी आईकडे बघितलं ती नजर मी विसरत नाही. तिच्यात राग नव्हता. बाई, तू काय केलंस हे तुला माहीत नाही, आणि आता मी सांगणारही नाही, अशी ती नजर होती.

सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सदाच्या आईनं, पाण्याच्या रांगेत. आई घरी येऊन हंडा ठेवून तशीच उभी राहिली. "मला आधी कुनी सांगितलं का न्हाई?" ती म्हणाली. आबा म्हणाले, "बायकांना सांगत न्हाईत." एवढ्यावर ते बोलणं संपलं. त्या घरात नंतर हजारो माणसं येऊन बोलून गेली, पण हे बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही.

*

आबा निवडून आले, आणि आमचं दार उघडं राहिलं. त्यांनी वचनच दिलं होतं भर सभेत की माझ्या दाराला कडी नाही. पुढाऱ्यांची वचनं लोक विसरतात म्हणतात. हे वचन कुणी विसरलं नाही.

चाळीतून आम्ही इमारतीत आलो तरी दार तसंच. सकाळी डोळा उघडायच्या आत बाहेर चपलांचा ढीग पडलेला असायचा. रबराचा, कातड्याचा, ओल्या मातीचा वास, आणि त्यावर उदबत्ती. पेढ्यांचे खोके यायचे, हार यायचे, वाळक्या झेंडूचा वास पडद्यांना चिकटला. मी मोरीतून केस पुसत बाहेर आले की समोर तीन परके काका बसलेले. अभ्यास गच्चीच्या जिन्यात केला. रडायचं असलं तर गॅस सिलेंडरच्या मागे एक जागा होती, पण तिथं बहुतेक वेळा आई असायची.

मुलगा बघायला आला तर त्याच वेळी गटाराची तक्रार घेऊन लोक आले, आणि त्या मुलानंही आबांना बदलीचं सांगून बघितलं. लग्न राहिलं ते राहिलंच. कुणाला दोष देत नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत होती. त्यात मला आणखी एक घोडं नको होतं.

मी त्यांना आबा म्हणायची, ती हाक त्यांना ऐकू येईनाशी झाली. सगळीकडून अण्णा, अण्णा. एकदा गर्दीत मीही "अण्णा" म्हटलं, तेव्हा ते वळले. त्या दिवशी मी आरशात त्यांचे डोळे बघितले. स्वच्छ होते. पापण्यांतला कोळसा कधी निघून गेला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला ते डोळे दुसऱ्या कुणाचे तरी वाटले आणि मी फार हिरमुसले.

पांढऱ्या कपड्यातल्या या माणसाला आपल्या ताटावर सुखानं जेवता येत नसे. कधीकधी ते गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसत. तिथं वाकून शिरावं लागतं आणि आत अंधार असतो. मी भाकरी घेऊन जायची. एकदा तिथं बसल्या बसल्या म्हणाले, "खाणीत एक बरं हुतं बघ. पाळी सुटायची."

मी म्हटलं, "मग सोडा ना आबा."

"शेवटचा मानूस वर आल्याबिगर?" ते म्हणाले, आणि खालून कुणीतरी हाक मारली म्हणून उठले.

आईची एकच हौस होती. नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्याची देवी बघायची. रोषणाई, गर्दी, ओट्या घेऊन उभ्या बायका, सगळं तिनं शेजारणींकडून ऐकलं होतं. दरवर्षी ती ठेवणीतली हिरवी साडी काढायची. नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास घरभर व्हायचा, केसात गजरा माळायची, आणि चपला घालायची तोच कुणीतरी दारात. "अण्णा आहेत का?" त्याला बसवायचं, चहा टाकायचा, त्याच्यामागून दुसरा. गजरा सुकायचा. रात्री ती साडी घडी करून परत ठेवायची आणि म्हणायची, "देवी कुठं पळून जातीय?" ठाणं काय लांब होतं? पण सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि तिचं कुंपण दाराशीच होतं.

ती गेली त्या दिवशीसुद्धा दार उघडंच होतं. लोक जमले होते, आणि त्यात एक बाई होती जिला काहीच माहीत नव्हतं. ती पाइप फुटल्याचं सांगायला आली होती. आईला अजून उचललं नव्हतं. आबांनी त्या बाईचं सगळं ऐकून घेतलं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

*

तर त्या दिवशी रिक्षा भिंतीपाशी उभी होती. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, वेटिंग होतंय." मी पर्स उघडली, आणि रुमालाबरोबर किल्ली बाहेर येऊन आबांच्या मांडीवर पडली. तिला बिल्डरनं दिलेला पितळी बिल्ला आहे, त्यावर इमारतीचं नाव आणि खाली बाळकुम, असं कोरलंय. आबांनी ती डाव्या हातानं उचलली. डोळ्यांजवळ नेली. अक्षर अक्षर लावत वाचावं तसे ओठ हलवले, मग बिल्ला उलटा करून बघितला आणि किल्ली माझ्या ओंजळीत ठेवली. मला वाटलं, चकाकतं काहीतरी म्हणून घेतली असेल. हल्ली ते चमचेही तसे बघतात.

रिक्षा थोडी पुढे गेली आणि पुन्हा खांद्यावर हात. आता वाण्याचं दुकान. आबांनी गुळाच्या ढेपेकडे बोट केलं.

"आबा, साखर किती वाढलीय. आत्ता डॉक्टर काय म्हणाले?"

"नको," आबा म्हणाले. म्हणजे डॉक्टर नको.

वाण्यानं अण्णांना ओळखलं, आणि मी काही बोलायच्या आत एक खडा कागदात बांधून त्यांच्या हातावर ठेवला. मी डोळे वटारले. वाटलं, वाटेतच तोंडात टाकतील. पण त्यांनी पुडी सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून तळहात दाबून ठेवला. घरी येईपर्यंत तो हात तिथून हलला नाही.

सदा माणसांसकट बसलेलाच होता. दार उघडं, आम्ही नसताना घरात बसायला त्याला कधीच अडचण आली नाही. आबांना खाटेवर टेकवलं. आईच्या फोटोखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मला त्यातल्या एका खुर्चीवर बसवलं, आणि माझ्याच घरात मी मुलाखतीला आल्यासारखी बसले. मग सदानं पिशवीतून ताटली काढली. गूळ काढला. त्यानं तो वरवंट्यानं फोडला, कारण फावडं आता कुणाकडे असतं?

"आपली जुनी रीत आहे," तो तरुण पोरांना सांगत होता. "अण्णांच्या घरात गूळ घेतला म्हणजे शब्द दिला. वहिनींनी घेतला होता, आता ताई घेतील."

पोरांनी एकेक तुकडा उचलला. ताटली फिरत माझ्यापुढे आली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी त्या खुर्चीवर. समोर आईचा फोटो, तिनं तोंडावर धरलेला पदर मला दिसायला लागला. मी आबांकडे बघितलं. हलवा मान, मनात म्हटलं, एकदाची हलवा आणि संपवा.

आबांनी मान हलवली नाही. त्यांनी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. पुडी एका हातानं सुटेना, तेव्हा दातानं कागद फाडला. खडा खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. एक त्यांनी माझ्यापुढे धरला.

"खा," आबा म्हणाले. कितीतरी दिवसांत मी तो शब्द ऐकला नव्हता.

मी खाल्ला. कोळसा नव्हता, बिडी नव्हती, पण सदऱ्याच्या खिशातला घामाचा वास त्याला होता. मला सगळी पायरी आठवली. पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. त्यांना वाटलं, ताईंनी शब्द दिला.

"थांबा रे," सदा म्हणाला.

तो आबांच्या मांडीवरच्या फाटलेल्या कागदाकडे बघत होता. मग माझ्यापुढच्या ताटलीकडे, जिच्यात माझा तुकडा तसाच होता. सदाचा बापही त्याच टोळीतला. तोही भोंग्यानंतर कुठल्यातरी पायरीवर बसलेला असणार. त्याचं तोंड मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं बघितलं, पुढारीपण गळून पडलेलं.

"अण्णा, हा वरचा ना?" त्यानं विचारलं.

"हां," आबा म्हणाले.

"म्हणजे ताई नाही."

"बस," आबा म्हणाले. "बस."

एक पोरगा विचारत होता, काय झालं, शब्द दिला ना? सदानं ताटली उचलली, उरलेला गूळ पिशवीत टाकला आणि खाली वाकून आबांच्या पायाला हात लावला. "चला रे," म्हणाला. "बाहेर बोलू." सगळे गेल्यावर त्यानंच जाताना दार ओढून घेतलं. कडी लागली नाही, दर दिवाळीला बसलेल्या रंगाच्या पापुद्र्यांनी ती गच्च झाली होती. पण दार मिटलं, आणि चपलांचा आवाज जिन्यात उतरत गेला.

मी रडत होते, आणि लपायला सिलेंडरमागे जावं लागलं नाही. आबांना म्हटलं, "बाळकुमला येणार ना माझ्याबरोबर?" त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते खाटेवरून उठायची धडपड करत होते. मला वाटलं, दुसरा तुकडा आता तोंडात टाकणार, आणि आज मी अडवणार नव्हते. मी त्यांच्या काखेत हात घातला. एक पाय ओढत ते भिंतीपर्यंत आले, वाकून, आभाळाला डोकं लागेल असे. आईच्या फोटोच्या चौकटीवर त्यांनी तो तुकडा ठेवला. घसरला, तो परत नीट ठेवला.

"इंदे," ते म्हणाले. या वेळी ते माझं नाव नव्हतं.

मग त्यांनी बोटं चाटली, एकेक करून, अगदी सावकाश, आणि मी साखरेचं नाव काढलं नाही.